ओठ लावून प्या

आमच्या घरमालकांसमोर कुणी पेला उंच धरून वरून पाणी प्यायला लागलं, की ते बसल्या जागेवरून ओरडायचे, "ओठ लाव! ओठ लाव! घशात नळ बसवलाय का?" माणूस दचकायचा, पाणी नाकात जायचं, ठसका लागायचा. मग तेच धावत येऊन त्याच्या पाठीवर थापा मारायचे आणि म्हणायचे, "बघ. ओठ लावले असते तर झालं असतं का असं?"

सुरतेच्या डिंडोलीत समोरासमोर दोन ओळी खोल्या आणि मधे अंगण, अशी त्यांची चाळ होती. एक ओळ बहुतेक खानदेशी, दुसरीत आम्ही परभणीकडचे, एक ओडिशाचं कुटुंब, दोन उत्तर प्रदेशातली. सगळ्यांचे बाप, भाऊ, नवरे लूमच्या खात्यांत, म्हणजे कापडाच्या कारखान्यांत. अंगणात एकच मोठा माठ आणि माठावर एकच स्टीलचा पेला. हा माठ म्हणजे घरमालकांचा जाहीरनामा. पूर्वी म्हणे प्रत्येक खोलीच्या दाराशी आपापली घागर असायची, आणि एका घागरीला दुसऱ्या घरच्या पोराचा हात लागला म्हणून दोन बायकांचं जुंपलं. यांनी भांडण ऐकून घेतलं, निवाडा काही दिला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या घागरी गोळा करून गच्चीवर नेल्या आणि त्यांत तुळशी, मोगरा, कोरफड लावून टाकली. "आता प्या त्यातून," म्हणाले.

"काका, आमनं पानी आमले गोड लागस," समोरची खानदेशी आजी कुरकुरली.

"माठाचं पण गोड लागेल, आजी. ओठ लावून प्या, मग लागेल."

आजीने ओठ लावले नाहीत. बहुतेकांनी नाही लावले. लोकांनी बाटल्या आणल्या, खोलीत फ्रिज आणले. घरमालकांच्या स्वतःच्या घरात बीजीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं पाणीसुद्धा फ्रिजात असायचं. अंगणातल्या माठाच्या पेल्याला ओठ लावून नेमाने पिणारे दोघंच. एक ते, आणि दुसरी मी, तत्त्व म्हणून.

ते शीख. निळी पगडी, छातीवर पांढरी दाढी, आणि सदऱ्याच्या गळपट्टीत खोचलेलं दाभण, कारण कामरेजच्या नाक्यावर त्यांचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. ते दाभण टोचेल म्हणून त्यांना कुणी सहसा मिठी मारत नसे. नवे भाडेकरू त्यांच्याशी आधी हिंदीत बोलायचे, आणि हे "कुठले म्हणायचे तुम्ही? इकडं कधी आलाव?" असं विचारायचे, की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. जन्म नांदेडचा, शाळा नांदेडची. गल्ली त्यांना सरदारकाका म्हणायची.

खोली देताना त्यांनी कुणाची जात विचारली नाही. तसं सगळेच सांगतात. पण काकांची पुढची अट विचित्र होती. सामान लागलं, की पहिल्या दिवशी ते त्या घरी जेवायला यायचे. आमंत्रण नाही, विचारणं नाही. दारात चपला काढायच्या आणि थेट चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, जमिनीवर मांडी घालायची. आमच्याकडे आले तेव्हा आईने पिठलं टाकलेलं होतं. ती ओशाळून म्हणाली, "आज काही खास नाही हो." ते म्हणाले, "खास जेवायला गुरुद्वारात जातो मी." खाऊन झाल्यावर हात धुतले आणि बाबांना म्हणाले, "आता भाडेकरू झालाव."

आडनावांचा त्यांना मनस्वी राग. "गुरूनं सगळ्या पोरांना सिंघ केलं, सगळ्या पोरींना कौर केलं. कशासाठी केलं? मागचं गळून पडावं म्हणून. आणि आमचेच लोक सिंघच्या मागं पुन्हा आडनाव लावायलेत. लगीन काढलं की पहिलं तेच विचारतात." या रागात त्यांनी एकदा चाळीतल्या सगळ्या दारांवरच्या पाट्या काढून नव्या रंगवून आणल्या. नुसती पहिली नावं. झालं असं, की चाळीत सुनील दोन होते. कुरिअरवाला वेडा झाला. एकाचा मोबाइल दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याचं औषध पहिल्याच्या घरी. मग लोक 'सुनील वरचा' आणि 'सुनील खालचा' म्हणू लागले. हे काकांच्या कानावर गेलं मात्र, ते डबा-ब्रश घेऊन आले. "वरचा-खालचा म्हणायचं नाही माझ्या चाळीत!" तेव्हापासून एक 'सुनील उजवा' आणि एक 'सुनील डावा'. डावा सुनील पुढे लग्न होऊन कामरेजला गेला, तरी आजही डावाच आहे.

मी त्यांची चेष्टा करते आहे असं वाटेल. करतेच आहे. पण माझा जीव होता त्यांच्यावर. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. बाबा कुठल्या सभेला गेले की खिसे भरून आणायचे. फळीवर डब्यांखाली पत्रकं, मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवर. 'जाहीर निषेध' हे मी लिहायला शिकलेले पहिले शब्द असतील. त्यामुळे समतेवर बोलणारा माणूस भेटला की मला हुरूप यायचा, आणि समतेवर बोलून तसं न वागणारा भेटला की अंगाचा तिळपापड व्हायचा. काका तिसऱ्याच जातीचे. ते समता हुकूम सोडल्यासारखी राबवायचे. आजीला ओठ लावायचे आहेत का, हे त्यांनी आजीला कधी विचारलं नाही. मी एकदा तसं म्हणाले, तर म्हणाले, "पोरी, विचारत बसलो तर माझं आयुष्य संपेल. आजीचं तर आधीच संपेल."

कामरेजच्या रस्त्यावर ट्रान्सपोर्टवाल्यांनी बांधलेला एक लहान गुरुद्वारा आहे. रविवारी काका आम्हाला हौसेने तिथे न्यायचे. मला तिथली पंगत फार आवडायची. ट्रकचा मालक, त्याचा क्लीनर, समोरच्या पंपावरचा पोरगा, सगळे एका ओळीत जमिनीवर. एकाच पातेल्यातली डाळ. असं माझ्या कुठल्या पत्रकातही नव्हतं. मी काकांना तसं म्हणालेही. ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "पंगत बघितलीस. आता मागं जाऊन बघ."

मागे गेले. भांडी घासायच्या नळांवर बसलेल्या बायका बहुतेक कोसाडच्या वसाहतीतून आलेल्या. शिकलकरी शीख. कुलपं-किल्ल्या करणारे, सुऱ्यांना धार लावणारे, लोखंडाच्या कढया ठोकणारे हे लोक. यांच्या पूर्वजांनी गुरूंच्या फौजेची शस्त्रं घडवली असं सगळेच अभिमानाने सांगतात. पीठ मळायला, डाळ ढवळायला मात्र दुसऱ्या बायका. कुणी तसा नियम केलेला नव्हता. कुणी कुणाला हटकत नव्हतं. शिकलकरी बाई पिठाच्या परातीजवळ आली की कुणीतरी गोड हसून म्हणायचं, "बहनजी, उधर बर्तन की सेवा में हाथ कम है." सेवा ती सेवा, लहान-मोठी नसते. वाक्य इतकं बरोबर होतं, की त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

मी घरी येऊन पत्रक लिहायला घेतलं. काकांनी वाचलं आणि परत दिलं. "चांगलं आहे. पण पत्रक वाचून माणूस मान डोलावतो. मान डोलवायला काय लागतं? खाऊ घातलं तर गिळावं लागतं."

त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

बलबीरकौर ही त्या भांडी घासणाऱ्यांतली एक. हिंगोलीकडची, विधवा, चाळिशीची. आमच्या चाळीची सगळी कुलपं तिच्याकडची. तिची मुलगी नर्सिंग करत होती, आणि ती पास होऊन कामाला लागली तर आपल्या हाताने देग करीन असं बलबीरकौर गुरूला बोलली होती. देग म्हणजे कडा प्रसाद. कणीक, तूप, साखर, तिन्ही सारखं माप. करताना पाठ म्हणत राहायचा, मग झाकून गुरुद्वारात न्यायचा. अरदास, म्हणजे सगळ्यांची मिळून प्रार्थना होते, त्यात ग्रंथी सगळ्या संगतीला सांगतो की आजची देग कुणाची, आणि मग प्रत्येकाच्या ओंजळीत सारखा प्रसाद.

मुलगी लागली कामाला. बलबीरकौर कमिटीकडे गेली. कमिटीचे अध्यक्ष, प्रधानजी, हात जोडून उभे राहिले. "बधाई हो बहनजी! सामान दे जाना. ग्रंथीजी बना देंगे, आप क्यों तकलीफ करती हो."

तूप तिचं चाललं असतं. हात चालला नसता.

ती आमच्या अंगणात येऊन काकांना, तिच्या दारजींना, हे सांगत होती तेव्हा मी तिथेच होते. रडत नव्हती. कुलपात तेल सोडत सांगत होती. काका ऐकत होते आणि त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकायला लागले होते.

"ऐक. देग तू करायची. इथं, माझ्या घरात. डोक्यावरून मी नेणार. अरदासीत नाव माझं सांगू दे. सगळ्यांना खाऊ दे. प्रधानजीला बोटं चाटू दे. आणि मग मी उभा राहतो आणि सांगतो, की बाबांनो, हे कुणाच्या हातचं खाल्लंत! गिळलेलं बाहेर काढतील का?" आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. मीसुद्धा टाळी वाजवली. मला ते जगातलं सगळ्यात सुंदर आंदोलन वाटलं.

बलबीरकौरने कुलूप खाली ठेवलं.

"दारजी, माझा हात चोरीचा माल हाय का?"

"अगं तसं नाही..."

"मग चोरून का खपवायलाव? माझ्या लेकीची देग. तुमचं नाव कशाला?"

"अगं, नाव आधी सांगितलं आणि लोक उठून गेले तर?"

"तर जातील. ज्याला घ्यायचं त्यानं बघून घ्यावं. मला बी कळाया पाहिजे ना, मी कुठं बसते ती."

काकांचा चेहरा पडला होता, आणि तो हरल्यामुळे पडलेला नव्हता. या माणसाने जन्मभर लोकांना धमकावून, फसवून, लाजवून समतेकडे ढकललं होतं. दार उघडं ठेवलं तर लोक आपणहून आत येतील, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांना भीती वाटत होती. कशाची, ते मला तेव्हा कळलं नाही.

तरी गेले कमिटीत. मी बाहेर पायरीवर बसून ऐकलं. प्रधानजी म्हणत होते, "भेद कोई नहीं जी. गुरू के घर में भेद कहाँ? पर संगत का भी देखना पड़ता है."

"बरोबर," काका म्हणाले. "मग ती कढई आणा बाहेर."

"कौनसी?"

"प्रसादाची. ती बलबीरकौरच्या सासऱ्यानं ठोकलेली आहे. माझ्यासमोर ठोकली. तिचा हात चालत नसेल तर त्याचा कसा चालला? आणा, मी परत देऊन येतो. तुम्ही बाजारातून स्टीलचं पातेलं आणा."

'आमच्यात भेद आहे' असं तोंडाने म्हणायची कुणाचीच छाती नव्हती. ज्या धर्मात ते म्हणताच येत नाही, त्याचं एवढं बळ असतं. मला तोवर वाटायचं, आदर्श हे भिंतीवर लावायला असतात. त्या दिवशी एका आदर्शाने बंद खोलीत चार माणसांची जीभ धरून ठेवलेली मी ऐकली. रविवार ठरला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मोठ्या आशेने वाचणार नाही. त्या रविवारने गुरुद्वारा बदलला नाही. नळांवर अजून कोसाडच्याच बायका जास्त असतात. दोन जणी पीठ मळायला बसतात, एवढंच. काका आता सुरतेत नाहीत. दिसायला कमी झालं, तसे धाकट्या मुलीकडे नांदेडला गेले. फोनवर पहिला प्रश्न असतो, "माठ भरतेस का?" भरते म्हणते. भरतेही.

तो रविवार. बलबीरकौर पहाटेपासून गुरुद्वाराच्या रसोईत होती. भाजलेल्या कणकेचा वास बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. काका आंघोळ करून, नवी पगडी बांधून बसले होते आणि त्यांनी चहासुद्धा घेतलेला नव्हता. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरी, लोक उठतील का?" मी म्हणाले, "उठले तर उठले." ते म्हणाले, "तुला काय जातंय."

अरदासीला सगळे उभे राहिले. ग्रंथी तरुण होता, आवाज खणखणीत. त्याने नाव घेतलं. बीबी बलबीर कौर ने अपने हाथों देग तैयार की है, असं स्पष्ट म्हणाला. बलबीरकौर मागे भिंतीशी हात जोडून उभी होती. मुलगी तिच्या शेजारी. कुणी वळून पाहिलं नाही. सगळे पुन्हा बसले.

मग एकाने फोन कानाला लावला आणि वाकून बाहेर गेला. त्याचा फोन वाजला नव्हता. एक बाई रडत नसलेल्या बाळाला थोपटत उठली. मागून आणखी काही. पण बाकीची ओळ बसून होती. प्रधानजी सगळ्यांत पुढे, ओंजळ करून, मान खाली घालून. ओंजळी भरायला लागल्या. बलबीरकौर स्वतः वाटत होती.

काकांना निघून जाणारेच दिसत होते. त्यांनी प्रसादाचा एक वाडगा उचलला आणि बाहेर जोडे ठेवायच्या जागी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग. फोनवाला बूट मागायला आला, तर यांनी त्याचे बूट एका बगलेत धरले आणि वाडगा पुढे केला. "आधी हात पुढं कर. मग बूट."

तेवढ्यात दारातून बलबीरकौरचा आवाज आला. "दारजी! असं नको."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग बूट खाली ठेवले. माणूस ते हातात घेऊन अनवाणीच गेला.

आणि मग आतून काकांच्या बीजीच आल्या.

हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत. मी इकडेतिकडे पाहायला लागले. काकांनी वाडगा कट्ट्यावर ठेवला. बीजींच्या चपला शोधल्या, खांद्यावरच्या पंच्याने पुसल्या, आणि वाकून त्यांच्या पायांशी सरळ मांडल्या. त्यांनी एका चपलेत पाय घातला.

"काय बघायलाव? गुडघे दुखायलेत माझे. आणि शुगर पण आहे."

काकांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"सांगा की आता भाषण."

"भाषण नाही," काका म्हणाले. "मला हीच भीती वाटायली होती. की तू उठशील. बाकीचे उठले तर उठू देत. म्हणून तर मी आधी चोरून करणार होतो."

"काय चोरून?"

"नाव माझं सांगायचं. तुम्ही सगळ्यांनी खाल्लं, की मग सांगायचं."

बीजींना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मला? मला फसवून खाऊ घालणार होतात? तुमच्या घरात इतकी वर्षं राहिले, आणि तुम्ही मला त्या बूटवाल्याच्या रांगेत बसवलंत?"

"तू उठलीस की, बाई."

एक पाय चपलेत, एक बाहेर, अशा बीजी उभ्या राहिल्या. आत वाटप चालूच होतं. मग त्यांनी तो पाय बाहेर काढला, चप्पल पायानेच बाजूला सारली, ओढणी डोक्यावर ओढली, आणि गुडघ्याचं दुखणं विसरून तरातरा आत गेल्या. ओळीच्या अगदी शेवटी, क्लीनर पोरांच्या शेजारी, धपकन बसल्या आणि ओंजळ पुढे केली.

बलबीरकौर तिथवर आली. थबकली. मग चिमूटभर जास्त नाही, कमी नाही, सगळ्यांना देत होती तसा गोळा तिने बीजींच्या हातावर ठेवला.

बीजींनी तो तिथेच तोंडात टाकला. चावला. गिळला. ओंजळ खाली केलीच नाही.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "नीट दे की."

"सगळ्यांना एवढाच असतो, बीजी," बलबीरकौर म्हणाली, आणि शेजारच्या क्लीनरच्या ओंजळीकडे वळली.